पंगतीआधी या

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई



रुग्णांच्या नातेवाइकांना रोज दुपारी मोफत जेवण देणाऱ्या एका अन्नछत्राचा मुदपाकखाना मी सांभाळते. तपासणीचा विषय निघाला की आमच्यासारख्या संस्थांतून एकच प्रश्न येतो, ‘‘आम्ही काय धंदा करतो का?’’ कायद्याने त्याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात ‘अन्न व्यवसाया’च्या व्याख्येत नफ्यासाठी चालणारा आणि न चालणारा, दोन्ही उपक्रम येतात. २०११च्या परवाना-नोंदणी नियमांत धार्मिक, सामाजिक मेळाव्यांत अन्न वाटणाऱ्यांचाही उल्लेख आहे. तरी प्रसादाचं पातेलं समोर आलं की सगळ्यांचे हात आधी जोडले जातात. मी सूट मागायला लिहीत नाही. ही न लिहिलेली सूट काढून घ्या, म्हणून लिहिते आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन दोनशेहून अधिक माणसं आजारी पडली. कित्येकांना रुग्णालयाबाहेर रस्त्यावर झोपवून, दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. अशा वेळी नमुने प्रयोगशाळेत जातात, अहवाल येतो. तो हवाच. पण तोवर पंगत उठलेली असते.

पंगतीआधी तपासायला यायचं, तर पाहायचं काय? तपासणी म्हटलं की आमच्यात टोप्या, हातमोजे आणि पुसलेली फरशी यांचीच धावपळ होते. खरी भीती घड्याळात आहे. साडेबाराच्या पंगतीची डाळ पहाटे चढते आणि सकाळी आठला उतरते. मोठ्या टोपातली डाळ वरून निवते, आत मात्र तासन्‌तास कोमट राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू नेमका तिथेच वाढतो. त्याचे बीजाणू उकळीतही तग धरतात आणि डाळ निवू लागली की रुजतात. भातात बॅसिलस सेरियस असतो. त्याचं उलट्या घडवणारं विष एकदा तयार झालं की भात पुन्हा गरम करूनही जात नाही. वाढण्याआधी कुणी जाणतं माणूस चमचाभर चाखून ‘‘छान झालंय’’ म्हणतं, पण जिभेला यातलं काही कळत नाही. अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवायचं, नाहीतर उथळ भांड्यांत काढून झटपट गार करायचं, एवढं तरी प्रत्येक आचाऱ्याला कुणीतरी शिकवायला हवं. आमचे आचारी टोपाला बाहेरून हात लावून सांगतात. थर्मामीटर आणला, तर ‘‘डाळीला ताप आलाय का?’’ म्हणून हसले. आता वापरतात, कुरकुरत.

दुसरी अडचण दात्यांची. रात्री अकराला फोन येतो, ‘‘लग्नातलं दीडशे पान उरलंय, घेऊन जा.’’ त्यात मठ्ठा असतो, बासुंदी असते, आणि हे सगळं दुपारपासून मांडवात. अन्नाला नाही म्हणू नये, हे आमच्या हाडीमासी खिळलेलं. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९चे नियम आहेत. त्यातलं कामापुरतं मराठीत एका पानावर, तुमच्या शिक्क्यासह, प्रत्येक मंगल कार्यालयाच्या भिंतीवर लावा. मग नकार देताना मी तुमचं नाव पुढे करीन. वाईटपणा माझ्या वाट्याला येण्यापेक्षा तुमच्या वाट्याला आलेला बरा.

सप्ताह, भंडारा, गणेशोत्सवातला महाप्रसाद यांसाठी मंडळं मांडवाची, ध्वनिक्षेपकाची परवानगी काढतातच. त्याच अर्जाला जेवणाचे चार रकाने जोडून घ्या: काय शिजणार, किती वाजता, पाणी कुठलं, भगर सुटी की पाकीटबंद. तुमच्याकडे माणसं अपुरी आहेत, हे दिसतं. प्रत्येक भंडाऱ्याला कुणी पोचणार नाही. पण जिथे रोज शेकडो पानं वाढली जातात, तिथे वर्षातून दोनदा तरी न कळवता या. पहिल्या भेटीत शिकवा. दुसऱ्या भेटीत तीच चूक दिसली, तर देणगीदारांच्या पाटीवरची नावं न वाचता कारवाई करा.

आमच्याकडे अधिकारी पाठवाल, तर सकाळी आठला पाठवा, डाळ उतरते तेव्हा. शाल-श्रीफळ मिळणार नाही. चहा मिळेल.

आपली,
अन्नछत्रातली एक कार्यकर्ती