गांवची आग आणि गांवचा बंबवाला

समुद्रकांठच्या एखाद्या गांवांत मध्यरात्रीं आग लागली असतां पहिल्या दहा मिनिटांत तेथें कोण धांवून जातें, हा प्रश्न आमच्या वाचकांनीं क्षणभर आपल्या मनाशीं करावा. सरकारी बंब नव्हे, तहशीलदार नव्हे, पोलीसही नव्हेत. जातो तो शेजारच्या वाडींतला तरुण. त्याच्या हातीं कळशी असते, अंगांत बनियन असतें आणि पाय बहुधा अनवाणी असतात. विजेचें मुख्य बटण आधीं बंद करावें कीं दार आधीं फोडावें, धूर दाटल्यावर उभें राहावें कीं ओणवें सरकावें, ह्यांपैकीं एकही गोष्ट त्यास कोणीं शिकविलेली नसते. तो भाजला तर त्याचें औषधपाणी घरच्यांनीं करावयाचें. तो मेला तर गांव चार दिवस हळहळतें, आणि पुढच्या आगीच्या वेळीं दुसरा तरुण तसाच धांवतो. अशा माणसास आपलें नांव अगोदर देतां यावें, त्याची परीक्षा व्हावी, त्यास शिक्षण व साधनें मिळावीं, आणि हांक आली म्हणजे त्यानें हक्कानें जावें, अशी व्यवस्था रायगडच्या किनाऱ्यावर विलंब न लावतां झाली पाहिजे, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

शहरांची गोष्ट निराळी आहे. १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें जी बारावी अनुसूची घटनेस जोडली, तींत अग्निशमन सेवा हें नगरपालिकांच्या कामांपैकीं एक म्हणून स्पष्ट लिहिलें आहे. त्याच वेळीं ७३ व्या दुरुस्तीनें पंचायतींसाठीं अकरावी अनुसूची तयार झाली. तींत २९ विषय आहेत. शेती आहे, मासेमारी आहे, ग्रंथालयें आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. आग मात्र नाहीं. जणूं काय आग ही नगरपालिकेची हद्द पाहून लागते! उरण, अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन येथें नगरपालिका आहेत. पण त्यांच्या दरम्यान थळ, नागांव, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, दिवेआगर अशीं जीं गांवें किनाऱ्यावर पसरलीं आहेत, त्यांचा कारभार ग्रामपंचायतींकडे आहे.

केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीनें, शहरांत ५ ते ७ व खेड्यांत २० मिनिटांच्या आंत बंब पोंचावा, असा दंडक घालून दिला आहे. काशीद हें अलिबागेहून सुमारें ३० व मुरुडाहून सुमारें २० किलोमीटर. म्हणजे अलिबागेच्या बंबानें ताशीं ९० किलोमीटरांच्या आणि मुरुडच्या बंबानें ६० किलोमीटरांच्या वेगानें, वाटेंत एकदांही न थांबतां, धांवलें पाहिजे. अलिबागेकडून येतांना मध्यें रेवदंड्याची खाडी, दुतर्फा नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि शनिवार-रविवारीं पर्यटकांच्या मोटारींची रांग. हा हिशेब शाळेंतल्या मुलासही करतां येईल; दंडक कागदावर राहतो आणि घर जळून जातें.

बरें, जळण्यासारखें आमच्या किनाऱ्यावर थोडें आहे असेंही नाहीं. जुन्या कौलारू घरांचे वासे लांकडाचे, अंगणांत पेंढ्याची उडवी, वाडींत वाळलेल्या झावळ्यांचा ढीग. कोळीवाड्यांत घराला घर खेटलेलें, दाराशीं नायलॉनचीं जाळीं आणि होडीसाठीं आणलेलें डिझेल. त्यांत आतां ठिकठिकाणीं पर्यटकांच्या मुक्कामाची सोय झाल्यामुळें गॅसच्या सिलिंडरांची भर पडली आहे. फाल्गुन-चैत्रांत डोंगरावरचें गवत वाळलें कीं वणवा वस्तीच्या कुंपणास येऊन भिडतो. मोठा बंब वेळेवर आला तरी अरुंद पाखाडींत तो शिरत नाहीं. परंतु ह्याच किनाऱ्यावर पूर्वजांनीं एक सोय करून ठेविली आहे, ती म्हणजे वाड्यांतील विहिरी. दोघांनीं उचलून नेण्याजोगा पंप, पुरेशी लांब नळी आणि तीं चालविणारीं चार शिकलेलीं माणसें असलीं, तर बंब येईपर्यंत आग शेजारच्या घरास लागूं न देणें अगदीं शक्य आहे. पाणी आहे, तें वापरण्यास शिकलेले हात नाहींत.

बाहेरून मदत येईल ह्या भरंवशावर बसणें किती फोल आहे, हें ह्या जिल्ह्यानें अलीकडेच पाहिलें आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आडव्या पडलेल्या झाडांनीं रस्ते बंद झाले आणि गांवकऱ्यांनींच कोयते-कुऱ्हाडी घेऊन वाट मोकळी करण्यास आरंभ केला. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली, तेव्हांही पुरानें वाट अडविली आणि पहिले हात गांवकऱ्यांचेच होते. संकटांत पहिला तास हा गांवाचाच असतो.

परदेशांचे दाखले देत बसण्याची आम्हांस हौस नाहीं; पण ह्या बाबतींत ते डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत १८५१ सालीं वाल्पाराइसो बंदरांतील नागरिकांनीं स्वयंसेवक बंबवाल्यांचें पथक उभारलें, आणि आजही तेथील बंबवाले पगारावांचून हें काम करतात. इंग्लंडांत खेड्यापाड्यांच्या बंबघरांवर बोलावणीचे बंबवाले असतात. कोणी सुतार, कोणी दुकानदार, कोणी शेतकरी. सूचना येतांच हातचें काम टाकून ते बंबघर गांठतात. त्यांची निवड मात्र सैल नसते. अर्जदाराचें वय १८ वर्षें पूर्ण असावें लागतें; त्याचें घर किंवा कामाची जागा बंबघरापासून साधारणपणें ५ मिनिटांच्या अंतरावर असावी लागते; आठवड्यांतील कोणत्या तासांत आपण मोकळे आहों हें त्यास आधीं सांगावें लागतें; तो नोकरींत असेल तर मालकाची तयारी पाहिली जाते. मग शरीरबळाची परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि त्यानंतर शिक्षण. कामाचा मोबदलाही त्यास मिळतो. दूर कशाला जावें? मुंबईच्या अग्निशमन दलाचा आरंभही १८५५ सालीं पोलिसांच्या देखरेखीखालीं अर्धवेळ दल म्हणूनच झाला.

आपल्याकडे अशा नोंदणीचा अनुभव नाहीं असेंही नव्हे. होमगार्डची संघटना मुंबई इलाख्यांतच डिसेंबर १९४६ मध्यें जन्मास आली. तींत शिरण्यासाठीं उमेदवार दहावी उत्तीर्ण असावा, त्याचें वय २० ते ५० असावें, पुरुषानें १६०० व स्त्रीनें ८०० मीटर धांवून दाखवावें, असे नियम आहेत, आणि तरुण मंडळी ते पाळून दाखल होतात. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याखालीं स्वयंसेवक नोंदवितां येतात, आणि आग विझविणें हें त्या दलाच्या कामाचें एक अंग आहे. ७ मे २०२५ रोजीं देशभर जो सराव झाला, त्याच्या यादींत उरण, थळ-वायशेत आणि रोहा-धाटाव-नागोठणें हीं आपल्या जिल्ह्यांतील नांवें होतीं. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेंत स्वयंसेवकांस १२ दिवसांचें शिक्षण देण्याची तजवीज आहे. राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व्हावा म्हणून केंद्रानें जुलै २०२३ मध्यें ५००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. म्हणजे कायदा आहे, शिक्षणाचा नमुना आहे, पैशाची वाटही आहे. मग अडतें कोठें? कोर्लईच्या किंवा दिवेआगरच्या तरुणानें आपल्याच गांवची आग विझविण्यासाठीं अर्ज कोणत्या मेजावर ठेवावा, हें त्यास कोणी सांगत नाहीं, येथें अडतें. नगरपालिकेची जाहिरात निघते ती पूर्ण वेळच्या नोकरीची. जागा थोड्या आणि उमेदवार फार, त्यामुळें बहुतेकांस हात हलवीत परत यावें लागतें. त्यांपैकीं कितीजण आपल्या गांवीं बोलावणीवर येण्यास तयार आहेत, हें त्यांस कोणीं विचारलें आहे काय?

आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. अर्ज ग्रामपंचायतीच्या कचेरींत मिळावा व तेथेंच द्यावा. तो एका पानाचा व मराठींत असावा. वय, राहण्याची जागा, रोजचा व्यवसाय आणि मोकळे तास एवढेंच त्यांत विचारावें. दहावीच्या दाखल्याचा आग्रह धरूं नये. दर्यावर वाढलेल्या मुलास दोर, गांठ आणि वारा ह्यांचें जें ज्ञान असतें तें दाखल्यावर लिहिलेलें नसतें. हृदय, फुप्फुसें व दृष्टि ह्यांची तपासणी सरकारी रुग्णालयांत विनामूल्य व्हावी. शरीराची परीक्षा जवळच्या नगरपालिकेच्या अग्निशमन अधिकाऱ्यानें घ्यावी, सरपंचानें नव्हे. निवड झालेल्यांस दोन आठवड्यांचें शिक्षण आणि पुढें दर आठवड्यास एक सराव असावा. शिरस्त्राण, बूट आणि जाड अंगरखा मिळाल्यावांचून कोणासही आगीजवळ जाऊं देऊं नये. आणि नांव नोंदल्या दिवसापासून त्याचा विमा असावा. हांकेच्या दर वेळेस ठरलेला भत्ता त्याच्या खात्यांत जमा व्हावा.

ह्यावर आक्षेप येतील. कोणी म्हणतील, हौशी माणसें आगींत बळी पडतील. ३ सप्टेंबर २०१९ रोजीं उरणच्या वायुप्रकल्पांतील आगींत चौघे मृत्यु पावले. त्यांत तिघे औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन शाखेचे जवान होते. आग शिकलेल्यावरही दया करीत नाहीं हें खरें. पण ह्यावरून न शिकलेल्यास तींत जाऊं देणें अधिक क्रूर आहे, एवढेंच सिद्ध होतें. आणि तो तर आजही जातोच आहे. दुसरे म्हणतील, गांवांत तट आहेत, जाती आहेत. एकाच्या घरची आग दुसरा विझवील काय? ज्या जिल्ह्यांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन पाण्यावर सर्वांचा हक्क आहे हें जगास दाखविलें, त्या जिल्ह्यांत असा प्रश्न विचारण्याचीच लाज वाटली पाहिजे. उलट, पथकांत कोळी, आगरी, कातकरी, बौद्ध, मुसलमान, ब्राह्मण असे सर्व एका नळीस हात लावूं लागले, तर त्या विहिरीभोवतीं जें घडेल तें शंभर व्याख्यानांनीं घडणार नाहीं.

आणि ह्या पथकांत स्त्रिया असल्याच पाहिजेत. ही मेहेरबानीची गोष्ट नव्हे, हिशेबाची आहे. मासेमारीची बंदी असते पावसाळ्यांत. आगीचा धोका मोठा असतो कोरड्या महिन्यांत, आणि तेव्हां कोळीवाड्यांतील पुरुष दर्यावर असतात. कित्येक घरांतील कर्ते पुरुष नोकरीसाठीं मुंबईस असतात. भर दुपारीं गांवांत जागी व सशक्त अशी जी व्यक्ति सांपडेल ती बहुधा स्त्रीच असेल. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयांत ह्या शतकाच्या आरंभीं हर्षिनी कान्हेकर ह्यांनीं प्रवेश मिळविला आणि देशांतील पहिल्या महिला अग्निशमन पदवीधर म्हणून त्या बाहेर पडल्या. पाट्या डोईवर घेऊन कोसभर चालणाऱ्या आमच्या कोळिणीस नळी उचलवणार नाहीं, असें म्हणणाऱ्यानें एकदां ती पाटी स्वतः उचलून पाहावी.

राहिले कारखानदार व हॉटेलवाले. हांक आल्यावर नोकरास सोडणें हें त्यांस नुकसानीचें वाटेल. पण जळणारी मालमत्ता बहुधा त्यांचीच असते. नोंदलेल्या बंबवाल्याची त्या तासांची मजुरी न कापणें एवढा भार त्यांनीं आनंदानें सोसावा; न सोसतील तर सरकारनें नियम करून तो त्यांच्यावर घालावा.

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवितां विझवितां अग्निशमन दलाचे ६६ जवान कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षीं त्या दिवशीं देशभर अग्निशमन दिन पाळतात. हार घालतात, भाषणें होतात. तें योग्यच आहे. पण मेलेल्या बंबवाल्यास हार घालावयाचा आणि जिवंत बंबवाल्याचा अर्ज घेण्यास मेज नाहीं, ही रीत बरी नव्हे. येत्या ग्रामसभेंत प्रत्येक किनारी गांवानें एक साधा ठराव करावा: आमच्या गांवच्या बंबवाल्यांचीं नांवें आम्ही लिहून देत आहों, त्यांस शिकवा, साधनें द्या, विमा द्या. ठरावाखालीं पहिलीं दहा नांवें त्याच सभेंत लिहिलीं जावींत. सरकारला जागें करण्याचा ह्याहून सोपा उपाय आम्हांस तरी दिसत नाहीं.