गुप्ततेचा दलाल पारखून घ्यावा

पूर्वी धान्यपेठांतून हत्ता पद्धतीने सौदे होत असत. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत, बोटांच्या खुणांनी भाव सांगितला जाई, आणि शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसास त्याचा थांगपत्ता लागत नसे. भाव गुप्त राही हे खरे. परंतु तो दलालापासून गुप्त राहत नसे. किंबहुना प्रत्येक खरेदीदाराची बोटे ज्याच्या हातास लागली असा पेठेतील एकटा मनुष्य तोच, आणि शेतकऱ्यास अखेर कळावयाचा तो भावही त्याच्याच तोंडून. नियंत्रित बाजारांचे कायदे होऊन ही पद्धत बंद झाली व उघड लिलाव आले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. हल्ली ‘व्हीपीएन’ नावाची जी सेवा पैसे देऊन घेतली जाते, तिची घडण नेमकी या रुमालासारखी आहे. ती घ्यावी की न घ्यावी, आणि घ्यावयाची तर कोणाची, याविषयी आपल्या सभासदांपुढे काही विचार मांडावे असे वाटले. प्रस्तुत लेखक शालान्त परीक्षेपलीकडे न गेलेला घाऊक धान्याचा व्यापारी आहे. तथापि हा प्रश्न यंत्राचा जितका आहे त्याहून अधिक माणूस पारखण्याचा आहे, आणि ते तर आपले नित्याचेच काम होय.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. आपण संगणकावर वा मोबाइलवर जी संकेतस्थळे उघडतो, त्यांची नावे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस दिसू शकतात. विमानतळावर किंवा हॉटेलात तेथील वायफाय घेतले, तर ते चालविणारासही ती दिसू शकतात. आतील मजकूर मात्र बहुधा दिसत नाही, कारण बँका व बहुतेक सर्व संकेतस्थळे आज तो कूटबद्ध करूनच पाठवितात. पत्र पाकिटात बंद असते, वरचा पत्ता तेवढा उघडा. व्हीपीएन घेतले म्हणजे ही सर्व पाकिटे एका मोठ्या थैलीत घालून, तिला मोहोर करून, त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातात व तेथून पुढे ज्याच्या त्याच्या पत्त्यावर रवाना होतात. इंटरनेट कंपनीस केवळ थैली दिसते. पलीकडच्या संकेतस्थळास आपला पत्ता न दिसता व्हीपीएन कंपनीचा पत्ता दिसतो. परंतु थैली उघडणारास सर्व पत्ते दिसतात. म्हणजे विश्वासाची गरज संपली नाही, विश्वास ज्याच्यावर ठेवावयाचा तो मनुष्य फक्त बदलला. आणि जाहिराती नेमकी एवढीच गोष्ट सांगत नाहीत.

‘आमच्याजवळ लपविण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न काही सज्जन विचारतात. माझे म्हणणे असे की, ज्या व्यापाऱ्याने आपला खरेदीचा भाव, गोदामातील साठा आणि गिऱ्हाइकाची उधारी चारचौघांत सांगितली, त्याचे दुकान फार दिवस चालले नाही. झाकणे म्हणजे पाप नव्हे. पेढीवरून कोणत्या बाजाराचे भाव किती वेळा पाहिले जातात, घरातील कोणी कोणत्या आजाराविषयी वाचीत आहे, मुलीच्या स्थळासाठी कोठे चौकशी चालली आहे, या गोष्टी केवळ संकेतस्थळांच्या नावांवरून ताडता येतात, आणि त्या विकत घेणारे जगात आहेत. कराच्या विवरणपत्रांशी याचा काही संबंध नाही. ती आपल्याच नावाने जातात व जावीत.

तथापि व्हीपीएनकडून भलती अपेक्षा ठेवू नये. बनावट दुव्यावर बोट ठेवले, फोनवर ओटीपी सांगितला, अनोळखी माणसाने धाडलेली एपीके फाइल उतरवून घेतली, तर व्हीपीएन काहीही करू शकत नाही. चोराने माल नेला तो बंद गाडीतून नेला, एवढाच काय तो फरक. गूगलमध्ये आपल्या नावाने प्रवेश करून शोध घेतला तर गूगलला आपण कोण हे ठाऊक असतेच. ज्याचा सारा व्यवहार घरच्या व पेढीच्या जोडणीवर, दोन बँका आणि चार संकेतस्थळे एवढाच आहे, त्याने हे पैसे वाचविले तरी हरकत नाही. जो वारंवार प्रवास करतो, ज्याची मुले वसतिगृहात परक्या वायफायवर राहतात, त्याने मात्र विचार करावा.

फुकट मिळणाऱ्या व्हीपीएनविषयी लोकांचा मोह विलक्षण आहे. ओनाव्हो नावाची इस्रायली कंपनी फेसबुकने २०१३ साली विकत घेतली. तिचे व्हीपीएन फुकट होते, रक्षण करते असे सांगितले जाई, आणि वापरणारा मोबाइलवर कोणती अ‍ॅप्स किती वेळ वापरतो याची माहिती ते फेसबुककडे पोचवीत असे. २०१८ साली अ‍ॅपलच्या दुकानातून ते काढावे लागले, पुढच्या वर्षी बंद झाले, आणि २०२३ साली ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने या प्रकरणी दोन उपकंपन्यांस मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. होला नावाच्या फुकट सेवेची कथा २०१५ साली उघडकीस आली: वापरणाऱ्यांचीच इंटरनेट जोडणी ती अन्य गिऱ्हाइकांस भाड्याने देत होती. आपल्या घराच्या ओसरीवर परका माणूस बसवून भाडे तिसऱ्याने घ्यावे, असा हा प्रकार. अपवाद नाही असे नाही. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीची फुकट सेवा आहे व तिचा खर्च पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या वर्गणीतून निघतो, हे ती उघड सांगते. फुकट वस्तूचा खर्च कोण सोसतो याचे सरळ उत्तर मिळाले, तर ती वस्तू तपासण्याच्या योग्यतेची झाली असे समजावे.

परंतु पैसे दिले म्हणजे सचोटी विकत मिळाली असे नव्हे. ‘आम्ही नोंदी ठेवीत नाही’ हे वाक्य प्रत्येक कंपनीच्या पाटीवर असते. २०१७ साली अमेरिकेतील एका खटल्यात प्युअरव्हीपीएन या कंपनीची अशीच जाहिरात असताना, तिच्याकडील जोडणीच्या नोंदींवरून पोलिसांस आरोपीचा माग लागला. एका स्त्रीचा छळ करणारा दुष्ट पकडला गेला हे उत्तमच झाले. पण पाटीवरील शब्द आणि वहीतील नोंद यांत अंतर होते, हे ध्यानात ठेवावयाचे. याउलट स्वीडनच्या मुलवाड या कंपनीच्या गोथेनबर्ग येथील कचेरीत १८ एप्रिल २०२३ रोजी पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन आले. गिऱ्हाइकांची माहितीच साठविली जात नाही हे त्यांना दाखविण्यात आले आणि ते रिकाम्या हाताने परत गेले. तुर्कस्तानात २०१७ साली एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हर तपासयंत्रणेने जप्त केला, त्यातही उपयोगी असे काही सापडले नाही. जे वहीत लिहिलेच नाही ते कोणी मागून मिळत नाही आणि चोरूनही नेता येत नाही. म्हणून माझ्या मते न्यायालय, पोलीस वा चोर यांपैकी कोणाशी तरी प्रत्यक्ष गाठ पडून जी टिकली, ती कंपनी प्रथम पाहावी. बाहेरच्या हिशेबतपासनिसांचे दाखले त्याखालोखाल. ते निरुपयोगी नाहीत. परंतु गोदामाची तपासणी आगाऊ तारीख देऊन झाली म्हणजे त्या दिवशी पोती कशी रचलेली असतात, ते आपणांस सांगावयास नको.

दुसरी गोष्ट मालकाची. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस आणि २०२१ साली ९३.६ कोटी डॉलरांस एक्स्प्रेसव्हीपीएन अशा पेढ्या एकामागून एक घेतल्या. त्याच वर्षी कोणते व्हीपीएन चांगले ते सांगणाऱ्या संकेतस्थळांची एक कंपनीही तिने घेतली. माल आपला आणि मालाची प्रतवारी ठरविणाराही आपलाच! त्यामुळे माल वाईट ठरत नाही. परंतु त्या प्रतवारीवर आपण भाव बांधू नये. अन्य ‘पहिले दहा’ सांगणाऱ्या याद्यांतही शिफारशीमागे दलाली असते. ज्या कंपनीच्या मालकाचे नाव आणि देश सहज सापडत नाही, तिचा विचारच सोडून द्यावा.

आपल्या देशाच्या नियमाचाही यात संबंध येतो. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी असे निर्देश काढले की, व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, सेवा घेण्याचा हेतू इत्यादी माहिती पाच वर्षे व सेवा सोडल्यावरही जतन करावी. संस्थांच्या अंतर्गत जाळ्यांस यातून वगळले आहे. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी त्याच वर्षी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. आज त्यांच्या यादीत ‘भारत’ दिसते ते बहुधा सिंगापूरसारख्या ठिकाणी उभे राहून धारण केलेले भारतीय पत्ते असतात. गुन्ह्याच्या तपासाची निकड मला मान्य आहे. परंतु निरपराध गिऱ्हाइकांची एवढी मोठी वही पाच वर्षे एका जागी रचून ठेवणे हे चोरास आमंत्रण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी पत्त्यावरून गेल्यास आपल्या बँका व सरकारी संकेतस्थळे कित्येकदा उघडत नाहीत, हेही माहीत असावे. त्या कामापुरते व्हीपीएन बंद करावे लागते.

आता भावाचे. बहुतेक मोठ्या कंपन्या ‘दरमहा केवळ दोन-तीन डॉलर’ असे ठळक छापतात व खाली बारीक अक्षरांत दोन वर्षांची रक्कम एकरकमी मागतात. हीच सेवा महिन्यापुरती घेतली तर दहा डॉलरांहून अधिक पडते, आणि दोन वर्षांनी नूतनीकरण जुन्या भावाने बहुधा होत नाही. मला हा सौदा वायद्यासारखा वाटतो. आज सचोटीची असलेली पेढी दोन वर्षांत कोणाच्या हाती जाईल हे कोणी सांगावे? ‘आजन्म सदस्यत्व’ तर मुळीच घेऊ नये. व्हीपीएनसिक्युअर कंपनीच्या नव्या मालकांनी २०२५ साली अशी सर्व सदस्यत्वे रद्द केली. २०२३ मध्ये आपण पेढी घेतली तेव्हा ही देणी आपणांस सांगण्यात आली नव्हती, असे त्यांचे उत्तर. पेढी विकताना येणे विकले आणि देणे वाऱ्यावर सोडले, असा व्यवहार आपल्या पेठेत झाला असता तर त्या माणसास पुन्हा कोणी बिछायतीवर बसू दिले नसते.

मुलवाड मात्र २००९ पासून दरमहा पाच युरो हा एकच भाव घेते. महिना घ्या की वर्ष घ्या, सूट नाही. ती ईमेलही विचारीत नाही, खात्याचा फक्त एक क्रमांक देते. एका खात्यावर पाच यंत्रे चालतात. घरात यंत्रे अधिक असतील तर दहा चालविणारे प्रोटॉन वा नॉर्ड किंवा मर्यादा न घालणारे सर्फशार्क दर यंत्रामागे स्वस्त पडेल. हिशेब दर पोत्याचा करावा, गाडीचा नव्हे. ज्यास प्रथमच घ्यावयाचे आहे त्याने महिन्याचा भाव महाग वाटला तरी एक महिना घ्यावा. आपल्या जोडणीवर वेग किती उतरतो ते पाहावे, आणि व्हीपीएन मध्येच तुटले असता इंटरनेट थांबविण्याची सोय खरोखर चालते की नाही, ते हाताने तोडून पाहावे. बहुतेक कंपन्या ठराविक मुदतीत पैसे परत देतात. ती मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्याची तारीख पंचांगावर लिहून ठेवावी.

कार्डावरून आपोआप वर्गणी कापण्याची संमती शक्यतो देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या व्यवस्थेनुसार अशा कपातीपूर्वी चोवीस तास सूचना यावी लागते खरी, परंतु ती दिवसभरच्या शंभर संदेशांत बुडून जाते. पेढीच्या जीएसटी क्रमांकावर परदेशी कंपनीकडून सेवा घेतल्यास कर उलट आकारणीने आपणांसच भरावयाचा असतो. तेव्हा घेण्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालांस विचारावे, आणि घरच्या मुलांचे मोबाइल पेढीच्या खात्यावर चढवू नयेत.