अंगणातला कोबा आणि शहराचे पाणी

पावसाळा तोंडावर आला, की पुण्यातील अनेक गृहरचना संस्थांच्या आवारांत एक काम हमखास निघते. चिखल होतो, मोटारींची चाके रुततात, वयोवृद्धांचा पाय घसरतो, अशा तक्रारी सभेत होतात. ठेकेदार बोलावला जातो, आणि आठ-दहा दिवसांत कुंपणापासून इमारतीच्या भिंतीपर्यंतची सारी जमीन सिमेंट-काँक्रीटच्या कोब्याखाली गडप होते. बंगल्यांचीही गत निराळी नाही. जिथे जास्वंदीचे आळे होते तिथे मोटार उभी राहते. अशा कामासाठी महापालिकेची परवानगी घ्यावी, असे कोणी सुचविले तर ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटते. स्वतःच्या अंगणात कोबा घालायलाही आता सरकारला विचारायचे काय, हा त्याचा रोकडा प्रश्न. या प्रश्नाला काही मर्यादेत का होईना, पण 'होय' असेच उत्तर दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम साधा हिशेब पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. पाचशे चौरस मीटरच्या आवारावर एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर २५ हजार लिटर पाणी त्या एका आवारात पडले. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे अडीच टँकर झाले! मोकळ्या, झाडोऱ्याच्या जमिनीत यांपैकी बराच भाग मुरतो आणि उरलेला सावकाश वाहतो. कोब्यावरून मात्र दहांतले आठ-नऊ भाग काही मिनिटांतच फाटकाबाहेर पडतात. पुण्याच्या भूमीखाली काळा कातळ आहे, काही भागांत चिकण काळी माती आहे, तेव्हा सगळेच पाणी खोल जाईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु वरचा हात-दोन हात मातीचा थरही पहिल्या सरीचा जोर पोटात घेतो, आणि पुराच्या वेळी तेवढा अवकाशच मोलाचा असतो. ज्या वसाहती पावसाळ्यात आपले पाणी रस्त्यावर लोटतात, त्यांतल्याच कित्येक उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. या विसंगतीकडे किती दिवस डोळेझाक करायची?

फाटकाबाहेर पडलेले पाणी कुठे जाते, याचा विचार वरच्या अंगाला राहणाऱ्याला करावा लागत नाही. तो खालच्या अंगाला राहणाऱ्याला करावा लागतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे रौद्र रूप धारण केले, ते पुणेकर विसरलेले नाहीत. सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, वाहने पालापाचोळ्यासारखी वाहून गेली, आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. हा अनर्थ केवळ अंगणांतील काँक्रीटमुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. असाधारण पाऊस, ओढ्याच्या पात्रावरील अतिक्रमणे, अरुंद पूल अशी त्याची अनेक कारणे होती. परंतु पाणलोटातील प्रत्येक बंद केलेला वार ओढ्याच्या ओझ्यात भर घालतो, हेही तितकेच खरे. कात्रजच्या तलावांत याच ओढ्याचे पाणी अडवून नानासाहेब पेशव्यांच्या काळी ते भुयारी नळाने शहरातील हौदांपर्यंत आणले गेले. ज्या पाण्याला पूर्वजांनी मान देऊन घरी आणले, त्याला आपण गटारात ढकलतो आणि मग ते दारात शिरले की त्यालाच बोल लावतो.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातील 'विकास' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. जमिनीवर, जमिनीत वा जमिनीखाली केलेले बांधकामाचे किंवा अभियांत्रिकी काम तिच्यात येते, आणि विकासाला पूर्वपरवानगी लागते. ज्या दुरुस्त्या केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरत्या आहेत किंवा तिच्या बाह्य स्वरूपात मोठा फरक करीत नाहीत, त्यांना कायदा मोकळीक देतो. मग सगळ्या आवारावर घातलेला चार इंची काँक्रीटचा थर कोणत्या सदरात मोडतो? कायद्याच्या अक्षराकडे पाहिले तर प्रश्न निदान विचारण्याजोगा आहे. व्यवहारात तो कोणी विचारीत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मंजूर केलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारणाची सक्ती केली आहे, आणि पुणे महापालिका अशी व्यवस्था ठेवणाऱ्यांना मालमत्ताकरात सवलत देते. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण एका कोपऱ्यात शोषखड्डा खणून सवलत घ्यायची आणि उरलेले सारे अंगण सिमेंटने लिंपायचे, हा प्रकार एका हाताने दान करून दुसऱ्या हाताने खिसा कापण्यासारखा आहे.

या बाबतीत इंग्लंडने काढलेली वाट अभ्यासण्याजोगी आहे. तेथे घरांपुढील बागा मोटारींसाठी फरसबंद करण्याची लाटच आली होती. २००७ च्या उन्हाळ्यात तो देश महापुरांनी हादरला, आणि १ ऑक्टोबर २००८ पासून तेथे नवा नियम अमलात आला. घरापुढील बागेत पाच चौरस मीटरहून अधिक जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करून ते पाणी रस्त्यावर सोडायचे असेल, तर नियोजन परवानगी घ्यावी लागते. मात्र खडी किंवा पाणी मुरू देणारे ठोकळे वापरले, अथवा फरशीचा उतार हिरवळीकडे वा वाफ्याकडे दिला, तर परवानगीची गरजच नाही. या नियमाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. तो मनुष्याला अंगण फरसबंद करण्यास मनाई करीत नाही, मोटार ठेवण्यासही करीत नाही. तुझे पाणी तू कुठे सोडणार, एवढेच तो विचारतो. जो ते आपल्या जमिनीत मुरवील त्याला सरकारच्या दारी जाण्याचे कारण उरत नाही. जर्मनीतील शहरांत तर जमिनीचा जेवढा भाग बंद केला असेल त्या मानाने पावसाच्या पाण्याचा आकार वेगळा घेतला जातो.

आमच्या या सूचनेवर कोणते आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा, की परवाना म्हटला की हेलपाटे आले, आणि हेलपाट्यांमागून हात ओले करणे आले. हा आक्षेप निराधार नाही. महापालिकेच्या कचेरीचे जिने झिजविलेल्या नागरिकाला त्याबद्दल दोष देणे आमच्या मनातही येणार नाही. दुसरा आक्षेप असा, की नियमावलीच मोटारींसाठी जागा मागते आणि अग्निशमन बंबाचे वजन पेलेल असा रस्ता इमारतीभोवती असावा असेही सांगते. मग नागरिकाने काँक्रीट घालावे की घालू नये? हाही आक्षेप रास्त आहे. परंतु एका मोटारीला नियमाप्रमाणे अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा पुरते, आणि तिच्या चाकांना तर दोन पट्ट्याच पुरतात. बंबासाठी मजबूत मार्ग अवश्य असावा. पण त्या मार्गाच्या नावाखाली झाडाचे खोड गळ्यापर्यंत सिमेंटमध्ये पुरण्याचे काहीच कारण नाही. दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढून टाकावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच दिला होता. पुण्याच्या झाडांना दिल्लीच्या झाडांहून कमी तहान लागते, असे कोणी समजू नये.

म्हणून आमची सूचना अशी, की परवान्याचे जाळे लहान असावे पण त्यातून मोठा मासा सुटू नये. जुन्या फरशीची डागडुजी, वृद्धांसाठी व अपंगांसाठी केलेला उतार, जाण्या-येण्याची पायवाट, चाकांच्या पट्ट्या आणि पाणी मुरू देणारी कोणतीही फरसबंदी यांना परवानगीच लागू नये. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाजारात मिळणारा प्रत्येक पेव्हर ब्लॉक पाणी मुरू देतोच असे नाही. खाली काँक्रीटचा थर घालून वर ठोकळे बसविले तर तो कोबाच होय. खाली खडीचा थर आणि मध्ये मोकळे सांधे असतील, तरच त्याला सूट मिळावी. या सर्वांपलीकडे जाऊन ज्याला मोठी जागा बंद करायची असेल, त्याने एका कागदावर आवाराचा नकाशा, उताराची दिशा आणि पाण्याची व्यवस्था दाखवून अर्ज करावा. १९६६ चा अधिनियम अर्जाच्या निर्णयाला ६० दिवसांची मुदत देतो, आणि तेवढ्यात उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानतो. अंगणाच्या कामाला साठ दिवस म्हणजे अर्धा पावसाळा! महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ यातील अधिसूचित सेवांत या परवान्याचा समावेश करून त्याला सात दिवसांची मुदत घालावी, आणि तेवढ्यात नकार न आल्यास काम सुरू करण्याची मुभा असावी. शुल्क नाममात्र असावे. आजवर ज्यांनी कोबा घातला त्यांच्यावर मागाहून खटले भरण्याची भाषा करू नये. जे तो फोडून जमीन मोकळी करतील त्यांना करात सवलत द्यावी.

एक अट मात्र महापालिकेने स्वतःला घालून घेतली पाहिजे. ज्या संस्थेचे ठेकेदार पदपथावरील झाडांची आळी बुजवितात आणि काँक्रीटचे रस्ते करताना पावसाळी गटारांची झाकणे रस्त्याच्या पातळीहून वर ठेवतात, तिने नागरिकाच्या अंगणात पट्टी घेऊन मोजमाप करण्यास जाणे शोभणारे नाही. नियमाचा पहिला अंमल महापालिकेच्या शाळा, कचेऱ्या, उद्याने आणि पदपथ यांवर व्हावा. तेवढे दिसले, म्हणजे नागरिकांकडून सहकार्य मागण्याचा नैतिक अधिकार तिला आपोआप प्राप्त होईल.

'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा मंत्र महाराष्ट्राच्या शासनाने वर्षानुवर्षे खेड्यांतील शेतकऱ्याला ऐकविला. त्याने बांध घातले, चर खणले, श्रमदान केले. हा मंत्र शहराच्या वेशीवर येऊन थांबतो काय? अर्ध्या गुंठ्याच्या अंगणाचा धनी शेताच्या धन्यापेक्षा पाण्याचा कमी देणेकरी आहे, असे मानण्यास आम्ही तयार नाही. अंगण ज्याचे त्याचे आहे आणि ते तसेच राहील. पण त्यावर पडणारा पाऊस ओढ्याकाठच्या कुटुंबाचा आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरीचाही आहे. महापालिकेने हा छोटासा नियम पुढील पावसाळ्यापूर्वी करावा. आणि नागरिकांनी त्याची वाट न पाहता, आपल्या पुढच्या सभेत ठेकेदाराचे दरपत्रक मंजूर करण्याआधी एकच प्रश्न विचारावा, की या फरशीवरचे पाणी जाणार कुठे?