आमच्या नावानं पावती फाडणारे

चोराला जात नसते, असं पांढरपेशे आपल्याला नेहमी सांगतात. मग चोरी झाली की पहिली झडती आमच्याच वस्तीची का होते?

गेल्या वर्षी जुळे सोलापुरात आम्ही कविसंमेलन ठेवलं. मोठं काही नाही. आसरा चौकापासून चालत जाण्याजोगा एक हॉल, भाड्याचा माईक, दुपारी कडक भाकरी नि शेंगाचटणी. नोंदणी माणशी शंभर रुपये, ऑनलाइन. पोस्टरवर क्यूआर छापला. क्यूआर कुणाचा? आमच्यातल्याच एका पोराचा, त्याच्या खासगी खात्याचा. कारण संघटनेचं खातं आम्ही कधी उघडलंच नव्हतं. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटी हमाल. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढून सकाळी पोचलो तो थेट दारावर.

दारावर चाळीसेक माणसं उभी. प्रत्येकाच्या मोबाईलवर पावती, पावतीवर आमचं नाव, आमचा लोगो. आणि आमच्या वहीत त्यांतलं एकही नाव नाही! कुणीतरी आमचंच पोस्टर उचललं, आमचा क्यूआर काढून आपला डकवला आणि व्हॉट्सॲपवर सोडून दिला. रांगेत अक्कलकोटहून एसटीनं आलेली एक बाई होती. चार घरची धुणीभांडी करते, कविता लिहिते. पोरीच्या मोबाईलवरनं दोघींचे दोनशे भरलेले. आम्ही सगळ्यांना आत घेतलं, भाकरी कमी पडली, ते सोडा. पण मागं उभा असलेला एक चष्मेवाला साहित्यिक काय पुटपुटला ते मी ऐकलं. "ह्यांचं नेहमीचंच आहे."

ह्यांचं! कुठल्या गावात बसून कुठल्या हरामखोरानं पैसे गिळले, आणि उष्टं आमच्या तोंडाला दिसलं.

एका चौकीत गेलो. साहेब म्हणाले, "शंभर-शंभर रुपयाला काय गुन्हा नोंदवू बे? आणि तुमचे गेलेतच कुठं? ज्यांचे गेले त्यांना पाठवा." माहिती तंत्रज्ञान कायदा, साल २०००, कलम ६६ डी. संगणक-मोबाईल वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मी मॅट्रिक आहे, मला वाचता येतं. शंभर रुपयांना हे लागू नाही असं त्यात कुठं लिहिलंय?

आता दुसरीकडे बघा. जानेवारी २०२५ मध्ये नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. त्याच्या आधी, २०२४ च्या सप्टेंबरात, तिकिटांचा काळाबाजार आणि बोगस विक्री सुरू झाली. तिकीट विकणाऱ्या कंपनीनं तक्रार केली आणि ऑक्टोबरात ईडीनं दिल्ली, मुंबई, जयपूर, बंगळूर, चंदीगड इथं छापे टाकले. टाकावेतच. पण अक्कलकोटच्या बाईच्या दोनशे रुपयांसाठी साधी वही उघडत नाही आणि हजारोंच्या तिकिटांसाठी पाच शहरांत गाड्या धावतात. याला कायद्यापुढं समानता म्हणतात काय?

ही झाली त्यांना शिवी. आता आपल्याला.

आमच्यातला एक ज्येष्ठ कार्यकर्ता म्हणाला, "हिशेब-बिशेब वाण्याचं काम. आपण चळवळ करतो." ज्या माणसानं १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला, त्याची लेकरं रुपयाची नोंद ठेवायला लाजतात! १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा बाबासाहेबांनी तिची रीतसर नोंदणी केली. आणि आपण अख्खी संघटना एका पोराच्या खिशातल्या मोबाईलवर चालवतो. उद्या कुणी त्याच्यावर बोट ठेवलं तर तो निर्दोष आहे हे दाखवायला त्याच्याकडं काय आहे? आपला पोरगा आहे, विश्वास ठेवा, एवढंच.

दुसरा म्हणाला, ऑनलाइनच बंद करा, रोख घ्या. रोखीत फसवत नाहीत काय? २०२३ ला बोरिवलीत फाल्गुनी पाठकांच्या गरब्याचे पास स्वस्तात देतो म्हणून दीडशेहून जास्त पोरांना पाच लाखांवर बुडवलंच ना. आणि रोखच ठेवली असती तर अक्कलकोटची बाई शंभराची नोट द्यायला आदल्या दिवशी सोलापूरला आली असती?

गोदीत जहाजातनं माल उतरतो तेव्हा टॅली दोन असतात. एक जहाजाची, एक धक्क्याची. दोन माणसं वेगळी मोजतात आणि शेवटी आकडे जुळवतात. एका पोत्याचा फरक आला तरी बोंब. नोंदणीला हेच पाहिजे. एकानं नावं लिहावीत, दुसऱ्यानं बँकेचा उतारा धरावा, आणि रोज रात्री जुळवावं. दारावर मोबाईलचा फोटो बघून आत सोडू नका. खोटा फोटो बनवणारी ॲपं पोराटोरांकडं आहेत. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी नंबर असतो, तो आपल्या उताऱ्यात असला तरच पैसा आला. क्यूआर एकच, संघटनेच्या खात्याचा, आणि स्कॅन केल्यावर कुणाचं नाव दिसलं पाहिजे ते पोस्टरवरच ठळक छापा. नाव वेगळं दिसलं की भरणारा स्वतःच थांबेल. एवढं आम्ही केलं असतं तर चाळीसांतले निम्मे तरी वाचले असते.

याहून वाईट एक खेळ आहे. कुणीतरी दहा जणांचे पैसे एकदम भरतो. दोन दिवसांनी फोन येतो, "दादा, येणं रद्द झालं, पैसे ह्या दुसऱ्या नंबरवर पाठवा." तुम्ही भोळेपणानं पाठवता. भरलेला पैसा तिसऱ्याच्याच खात्यातनं चोरलेला असतो. तो माणूस तक्रार करतो, पैशाचा माग तुमच्यापर्यंत येतो, आणि बँक तुमच्या खात्याला कुलूप लावते. चोर मोकळा, कार्यक्रम बोंबलला, आणि चौकशीला तुम्ही. म्हणून पैसे ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत करायचे, दुसऱ्या नंबरवर एक रुपया नाही. समोरचा रडला तरी नाही.

आणि वस्तीतल्या पोरांनो, हे तुम्हाला. चार-पाच हजार घेऊन आपलं खातं-सिमकार्ड कुणाला वापरायला देता ना, ते खातं ह्याच धंद्याला लागतं. मोठा मासा कुठल्या शहरात बसलाय कुणाला ठाऊक, हातकड्या तुमच्या हातात. आमचे चार हजार गिळणारं खातंही अशाच कुणा बेकार पोराच्या नावावर असेल. त्याचा मला राग येतो आणि येतही नाही.

फसलात तर १९३० ला फोन लावा. सोलापूरकराला हा आकडा वेगळा शिकवायला नको, १९३० च्या मे महिन्यात ह्याच शहरावर मार्शल लॉ लागला होता. ज्याचे पैसे गेले त्यानं लावायचा, आणि लगेच, म्हणजे पैसा पुढं सरकायच्या आत अडवता येतो. आम्ही लोकांना तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर खातं रिकामं.

आता संघटनेचं खातं उघडलंय, दोघांच्या सह्यांचं. मागच्या संमेलनाचा जमाखर्च हॉलच्या दाराला चिकटवला, चष्मेवाल्या साहेबांना एक प्रत घरपोच दिली. त्यांचं उत्तर नाही. पुढच्या संमेलनाच्या वहीत पहिलं नाव अक्कलकोटच्या बाईचं आहे. तिच्याकडनं पैसे घ्यायचे नाहीत असं आम्ही ठरवलं होतं. तिनं दोघींचे दोनशे भरले, नंतर फोन केला, "दादा, खात्यावर नाव तुमचंच दिसलं. पावती कधी देताय?"