चढावर थांबणारी गाडी



घरगुती यंत्रांविषयीच्या या सदरात या खेपेस एका जुन्या मोटारीची हकीकत सांगावयाची आहे. मोटार सर्वांकडे नसते, आणि अशी मोटार तर फारच थोड्यांकडे असेल. परंतु तिचा रोग ज्या रीतीने सापडला ती रीत शिलाई यंत्रापासून पाण्याच्या पंपापर्यंत कोठेही उपयोगी पडावी अशी आहे.

बेरशेबा येथील एका बेने इस्राएल कुटुंबाकडे १९७५ सालची फोक्सवॅगन गाडी आहे. आत झोपण्याच्या फळ्या, लहानसा ओटा व पाण्याचे पिंप असलेली ही गाडी म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच. घरातील आजींचे गुडघे धरलेले. मृत समुद्राच्या पाण्यात बसले की त्यांना आराम वाटतो. म्हणून महिना-दीड महिन्याने मुले-नातवंडे त्यांना घेऊन आरादमार्गे खाली उतरतात. उतरताना गाडीने कधी कुरकुर केली नाही. परतीच्या वाटेवर मात्र ती निम्म्या चढावर आचके देई आणि बंद पडे. वीस-पंचवीस मिनिटांनी किल्ली फिरवावी, तो जणू काही झालेच नाही अशी सुरू होई! मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीपासून ४३० मीटरहून अधिक खाली, आणि आराद सुमारे ६०० मीटर वर. म्हणजे गाडीला एका दमात हजार मीटरची चढण. तम्मूज महिन्यातील एका दुपारी ती नेमकी वळणावर थांबली. आत ऐंशी वर्षांच्या आजी, बाहेर रणरणते ऊन आणि अंगावरून जाणारे मालट्रक. त्या दिवशी मुलाने गाडी भंगारात काढण्याची भाषा केली.

तोवर दोन वर्षांत काय काय बदलले नव्हते? प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पेट्रोलचा पंप आणि शेवटी कार्बुरेटरदेखील. प्रत्येक मुसाखमध्ये निराळा भाग दोषी ठरला आणि प्रत्येक वेळी गावात दहा मिनिटे फिरवून ‘आता ठीक आहे’ असा निर्वाळा मिळाला. वास्तविक जी गाडी स्वस्थ उभी राहिली की आपोआप बरी होते, तिच्या बाबतीत गावातल्या फेरीवरून काहीच सिद्ध होत नाही.

उष्णतेवर सर्वांचा संशय होता, आणि तो निराधार नव्हता. तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गार झाले की पुन्हा ओढता येते. कॉइलही तापल्यावर आतून दगा देते व निवल्यावर सुधारते. दोहोंची लक्षणे सारखीच. मग निवाडा कसा करावयाचा?

शेजारच्या एका काकांनी तो केला. मुंबईस रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेले हे गृहस्थ. त्यांनी प्रथम पाना उचलला नाही. एक वही मागितली. गाडी कधी थांबली, कोठे थांबली, हवा कशी होती, टाकीत पेट्रोल किती होते, हे सर्वांना आठवून लिहावयास लावले. पाच प्रसंग निघाले. त्यांपैकी एक हनुक्कानंतरच्या पावसाळी, थंड दिवशीचा होता. पाचही वेळा टाकी निम्म्याहून रिकामी होती, आणि पाचही वेळा गाडी चढावर होती. उष्णतेचे पारडे येथेच हलके झाले.

पुढच्या फेरीस काका स्वतः बरोबर गेले. गाडी थांबताच ती रस्त्याबाहेर सपाट जागी घेऊन त्यांनी आधी ठिणगी पाहिली. (पेट्रोलची नळी सोडण्यापूर्वीच ती पाहावी, नंतर कदापि नाही.) ठिणगी निळी, जोरकस होती. याचा अर्थ कॉइल, पॉइंट व कंडेन्सर निर्दोष. मग हवेची गाळणी काढून कार्बुरेटरच्या घशात पाहत अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पेट्रोलची पिचकारी उडाली नाही. टाकीचे झाकण उघडले. हवा आत शिरल्याचा आवाज झाला नाही, म्हणजे हवेची वाटही मोकळी होती. टाकीकडून येणारी नळी इंजिनाच्या खोलीबाहेर सोडून बाटलीत धरली. टाकी उंचावर असल्याने धार लागावयास हवी होती. पडले ते थेंब! सायकलच्या पंपाने त्या नळीतून टाकीकडे हलकीशी फुंकर घातली मात्र, आणि धार सुरू झाली. नळी जोडली, सांडलेले पुसून वाळू दिले, किल्ली फिरविली. इंजिन तसेच तापलेले असताना गाडी चढू लागली.

टाकीच्या तळाशी गंजाचे पोपडे साचले होते. चढावर इंजिन सर्वांत अधिक पेट्रोल ओढते. त्या ओढीबरोबर पोपडे येऊन तोंडाशी बसत. ओढ थांबली की खाली गळत, आणि गाडी ‘बरी’ होई. उतारावर ओढच नाही, म्हणून त्रासही नाही. वर्षानुवर्षे अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतील ओल धरते व गंज चढतो. मग हे कोणी आधी का पाहिले नाही? कारण या गाडीत इंजिन उतरविल्यावाचून टाकी बाहेर निघत नाही. जे हाताशी होते ते बदलले गेले; जे दूर होते ते राहिले.

टाकी साफ झाली, जाळी नवी बसली. त्याच वेळी काकांनी पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या बदलून घेतल्या, आणि हे मी मुद्दाम सांगतो. या गाडीचे इंजिन मागे असते, नळ्या त्याच्या अगदी निकट जातात. चिरलेल्या नळीतून पेट्रोल ठिबकून अशा अनेक गाड्या जळाल्या आहेत. इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ते एकदा पेटले की पाण्याने विझत नाही, उलट भडकते. मागून पेट्रोलचा वास आला तर ‘पुढच्या मुसाखपर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. आग विझविण्याचे नळकांडे पुढच्या दाराशी ठेवावे. जनरेटरचा तांबडा दिवा लागला तरी तत्काळ थांबावे. त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पंखा फिरत असतो.

आणि रस्त्यात गाडी थांबलीच, तर वृद्धांना व मुलांना आत बसवून ठेवू नये. पिवळा अंगरखा घालून, त्रिकोण मागे मांडून, सर्वांनी कठड्यापलीकडे सावली पाहावी. पाणी जवळ असावे.

आजींनी सुखरूप परतल्यावर एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला. तो अवश्य करावा. मात्र गाडीत एक वही आणि पेन्सिलही अवश्य ठेवावी.