मीटरवर नाव कुणाचं?

घर विकलं जातं, वारशाने येतं, भावाभावांत वाटलं जातं. खरेदीखत, इंडेक्स टू, फेरफार यांची बोलणी पुरुषांत होतात. विजेचं, पाण्याचं, गॅसचं खातं बदलणं हे मात्र ‘बारीकसारीक काम’ ठरतं आणि बाईच्या गळ्यात येतं. रांगेत ती उभी, बिल भरणारी ती, नाव मात्र आधीच्या मालकाचं, नाहीतर वारलेल्या सासऱ्याचं. मैत्रिणींनो, हे काम बारीकसारीक नाही. बाईचा निवारा त्यात अडकलेला असतो.

आपल्या धायरीचंच बघा. गावाचा उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला. गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यावर उभी राहिलेली घरं इथे गल्लोगल्ली आहेत. सातबाऱ्यावर सामाईक नावं, घरपट्टीला एक नाव, मीटरवर तिसरंच. दप्तर ग्रामपंचायतीतून पालिकेत गेलं, म्हणून घरातली बाई त्या दप्तरात आली असं नाही. (खडकवासल्याचं धरण हाकेच्या अंतरावर, तरी पाणी टँकरचं, त्याचे पैसे मोजणारीच्या हाती तर साधी पावतीही येत नाही.)

कुणी म्हणेल, वीजबिल म्हणजे काही मालकी नव्हे. खरंच नव्हे. पण आपण इथे राहतो, हे दाखवायला बाईजवळ दुसरा कोणता कागद असतो? शिवाय खातं ज्याच्या नावावर, तोच वीज बंद करण्याचा अर्ज देऊ शकतो. भांडण विकोपाला गेलं की नवरा किंवा दीर नेमकं हेच करतो. दिवे जातात, मोटर बंद, म्हणजे पाणीही बंद. पोरांना घेऊन बाई किती दिवस काढणार? बोटही न लावता तिला घराबाहेर काढता येतं. आणि पोलिसात सांगायला गेलं, तर मारहाणीचे वळ दाखवा म्हणतात!

कायदा इतका आंधळा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात, बाईला ज्या सोयी वापरण्याचा हक्क आहे त्या तोडणं ही आर्थिक हिंसाच आहे. राहतं घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी ते सुनेचं ‘सामाईक घर’ असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलं. २००३ चा वीज कायदा तर मालकाइतकाच तिथे राहणाऱ्यालाही वीज मागण्याचा हक्क देतो. घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असंही न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. पण खिडकीपाशी हे कोण ऐकून घेतं? तिथे मागतात मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. म्हणजे विधवेने पुन्हा दिराच्याच दारात सहीसाठी उभं राहायचं.

गंमत अशी की, २०१६ च्या उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी बाईच्या नावावर दिली गेली. चुलीपाशी सरकारला तिचं नाव सुचलं! २०२१ पासून फक्त बाईच्या नावाने घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुष्कळ घरं तेवढ्यासाठी बायकोच्या नावावर होतात. कागद आणि व्यवहार नवऱ्याच्याच कपाटात. सवलतीपुरती मालकीण.

नुसतं नाव लावूनही भागत नाही, कारण नावाबरोबर देणंही येतं. राज्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची वीजथकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. म्हणून ताबा घेताना मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मिळकतकर, पाणीपट्टी, सोसायटीची बाकी त्या तारखेपर्यंत विकणाऱ्याने फेडली, त्याच्या पावत्या मागाव्यात. सुरक्षा ठेव कुणाची, हे करारातच लिहून घ्यावं. आणि या सगळ्याच्या झेरॉक्स बाईच्या स्वतःच्या पिशवीत असाव्यात.

आपल्या गटांनी वीज कार्यालयांकडे दोन मागण्या लावून धरायला हव्यात. एक, राहत्या घराच्या जोडणीवर नवरा-बायको दोघांची नावं लागावीत. दुसरी, एकट्या खातेदाराच्या अर्जावरून वीज कायमची तोडण्याआधी कर्मचाऱ्याने त्या घरी जावं, आत कोण राहतंय ते बघावं आणि तिची सही घ्यावी.