पुष्पांजली आणि नवी चाल



पूजा झाली की आपण पुष्पांजली वाहतो. आमच्या घरी ओंजळीत फूल नसते, केशरात रंगवलेले तांदूळ असतात. जीवहिंसा नको म्हणून. तरी म्हणतो पुष्पच.

हाच शब्द मला इंडोनेशियातल्या बाली बेटावर भेटला. तिथे ‘पुष्पांजली’ नावाचे स्वागतनृत्य आहे. देवळात बायका संथपणे रेजांग नाचतात, त्यावरून स्वास्ती विजया बांदेम यांनी ते १९८९ साली बसवले. त्याचे गॅमेलान संगीत न्योमान विंधा यांनी नव्याने रचले.

गॅमेलानमध्ये काशाच्या पट्ट्या आणि गाँग हातोडीने वाजवतात. जोडीतल्या दोन वाद्यांचे सूर मुद्दाम किंचित वेगळे ठेवलेले, त्यामुळे नाद लाटेसारखा थरथरतो. (आपण पेटी दुरुस्तीला टाकली असती!) एकाचे स्वर दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत बसतात, दोघे मिळून चाल पुरी होते. मोठा गाँग वाजला की आवर्तन संपले. नवी रचना करणारा चाल नवी बांधतो, पण सूर आणि गाँगची शिस्त सोडत नाही.

हे सांगायचे कारण, आमच्या मंडळात सिनेमाच्या चालीवर अष्टक म्हणण्यावरून वाद चालू आहे. तरुण मुली त्यामुळेच येतात, हे खरे आहे. पण परवा मी जल-चंदन म्हणत होते आणि डोळ्यांपुढे नटी नाचत होती. सांगायला लाज वाटते, पण झाले तसे.

बालीत हा प्रश्न पर्यटकांमुळे आला. देवळातले नाच त्यांच्यापुढे होऊ लागले, तेव्हा १९७१ साली देनपासारला जाणकारांनी परिषद भरवून तीन वर्ग ठरवले: पवित्र विधीचे, विधीच्या सोबतीचे आणि करमणुकीचे. ‘पुष्पांजली’ पाहुण्यांसाठी आहे, म्हणजे तिसऱ्या वर्गात. नाव पूजेचे, मूळ देवळातले, तरी खाते वेगळे. मी कॉमर्सची, मला हे फार पटले.

म्हणून माझे मत असे. सिनेमाची चाल रात्रीच्या कार्यक्रमात खुशाल घ्या. मीही टाळ्या वाजवीन. सकाळच्या पूजेत ती नको. ‘नवे काही नकोच’ म्हणणाऱ्या ज्येष्ठ मैत्रिणींशीही मी सहमत नाही. फुलाच्या जागी तांदूळ पहिल्यांदा कोणीतरी वाहिलेच असतील ना? आपल्यापैकी कोणी पेटीपुढे बसून, पूजेचे शब्द समोर ठेवून नवी चाल बांधली, तर मी पहिली शिकायला येईन. दशलक्षण पर्वाला अजून दोन महिने आहेत. पेटी आमच्याकडे आहे, दुपारी कधीही या.